एकत्र कुटुंबाचा एकत्र पत्ता

दुपारी घर गप्प होतं. उर्वी झोपली होती आणि माझ्या ओढणीचं टोक तिने मुठीत धरून ठेवलं होतं. तेवढ्यात खिडकीतल्या स्टीलच्या वाटीत टिंग झालं. आमच्या नवागामच्या घरात रेंज फक्त त्या खिडकीत येते, आणि घरचा फोन घसरू नये म्हणून तो वाटीत ठेवावा लागतो. म्हणून आमच्याकडे ईमेल वाटी वाजवत येतो.

मूठ न उघडवता ओढणी सोडवायला थोडा वेळ लागतो. फोन हातात घेतला तेव्हा वर एवढीच ओळ होती: ‘बालवर्ग प्रवेश. शनिवारपर्यंत उत्तर न आल्यास जागा...’ बोट लावलं, तर आत मेल नव्हता.

सदर मेल कुठे गेला याबद्दल घरात कधीच दुमत नसतं. तो कडोदऱ्याला गेला.

आमचं कुटुंब एकत्र आहे, म्हणून ईमेलचा पत्ताही एकत्र. तो माझ्या मोठ्या दिरांनी, वाल्मिकभाऊंनी, उघडला. भाऊ कडोदऱ्याला एका लूमच्या कारखान्याचं ऑफिस सांभाळतात. तिथल्या कॉम्प्युटरवर त्यांनी घरचं टपाल ‘पॉप’ पद्धतीने बसवलं आहे. पॉप म्हणजे आलेलं टपाल सर्व्हरवरून उचलायचं, आपल्या मशीनमध्ये घालायचं आणि मागे काही ठेवायचं नाही. ‘सर्व्हरवर प्रत राहू द्यावी’ असा एक चौकोन तिथे असतो. भाऊंनी त्यात टिक केलेली नाही. थोरल्याने आधी घ्यावं आणि उरलं तर वाढावं, ही रीत त्या पॉपला कोणी शिकवली कोण जाणे, पण आमच्या घरात ते सुनेसारखं रुळलं. आलेल्या टपालातलं महत्त्वाचं काय ते भाऊ ठरवतात, चलनांच्या कोऱ्या बाजूवर छापतात आणि जेवताना सगळ्यांना वाचून दाखवतात.

मी भाऊंना फोन लावला.

“हो, शाळेचं काहीतरी आलंय. इंग्रजीत आहे. शांतपणे वाचून आणतो.”

“आजच आणा ना भाऊ. परवा शनिवार.”

“आज शाई संपली गं. लोनवाल्यांचे मेल तेवढे छापून निघाले.”

उर्वी उठल्यावर तिला कडेवर घेऊन शाळेत गेले. खिडकीमागच्या बाईंनी आमचं नाव टाकलं. तो मेल त्यांच्या समोरच उघडला होता. त्यांच्या चष्म्याच्या काचेत मला त्याच्या ओळी दिसत होत्या, फक्त उलट्या.

“मेल मोकली दीधो छे, बेन,” त्या गुजरातीत म्हणाल्या. म्हणजे त्यांच्याकडून मेल पाठवून झाला होता.

“मिळाला नाही. त्यात काय लिहिलंय, तेवढं सांगा ना.”

“मुँह से बताने का सिस्टम नहीं है. अर्जी करो.”

“कुठे?”

“मेल पे.”

“आणि उत्तर?”

“मेल पे.”

“पण ते कडोदऱ्याला जाईल!”

“वो आपका घर का मामला है, बेन.” आणि त्यांनी उर्वीच्या गालाला प्रेमाने हात लावला. त्याला मेल लागत नसावा.

संध्याकाळी ताटांभोवती विषय मांडला. मी म्हटलं, आपण ‘आयमॅप’ करू. त्यात टपाल सर्व्हरवरच राहतं आणि सगळ्यांच्या फोनवर तेच दिसतं. एकाने वाचलं की सगळीकडे वाचलेलं, एकाने पुसलं की सगळीकडे पुसलेलं.

“सगळ्यांना सगळं दिसणार?” योगेंद्रने विचारलं. माझा नवरा जेवताना एरवी बोलत नाही.

जयश्रीताईंचा, म्हणजे मोठ्या जाऊबाईंचा, उर्वीच्या मोठ्या मम्मीचा, भाकरीवरचा हात थांबला.

सासूबाई म्हणाल्या, “दिखी तं काय व्हई? घर एक शे, चूल एक शे, मंग टपाल वायलं कसाले?” आमच्या घरात ‘वायलं’, म्हणजे वेगळं, हा शब्द निघाला की पुढे कोणी बोलत नाही.

“आईचं बरोबर आहे,” भाऊ म्हणाले. “आपल्यात लपवायला आहे काय?”

नानांनी, सासऱ्यांनी, फक्त एक शंका काढली. “आपल्यापुरतं पॉप आणि बाकीच्यांचं आयमॅप, असं काही निघालंय का?”

निघालेलं नव्हतं. ठराव एकमताने मंजूर झाला. ज्यांना लपवायचं असतं त्यांचे ठराव एकमतानेच होतात.

शनिवारी उर्वीला मांडीवर घेऊन रिक्षाने कडोदऱ्याला गेले. भिंतीपलीकडे लूम खडखडत होते आणि उर्वी त्या तालावर मान हलवत होती. मी इनकमिंग सर्व्हर भरला, पोर्ट ९९३ टाकला, सुरक्षा एसएसएल केली. पॉपने साठवलेल्या ढिगात शाळेचा मेल सापडला. तो सर्व्हरवर हलवणार, तर भाऊ म्हणाले, “एकच कशाला? जुनं सगळं वर चढव. शेठ हा कॉम्प्युटर बदलणार आहेत.”

मी सगळं वर चढवलं.

नवागामच्या खिडकीतली वाटी थांबायलाच तयार नव्हती, असं सासूबाईंनी नंतर सांगितलं. घरातल्या प्रत्येकाच्या फोनवर कित्येक वर्षांचं टपाल एकाच वेळी आलं. त्यात योगेंद्रला पुण्याच्या कंपनीने मुलाखतीला बोलावल्याचा मेल होता. भाऊंना तो छापण्याइतका महत्त्वाचा वाटला नव्हता. आणि भाऊंच्या नावे कामरेजच्या बिल्डरचा होता: ‘दोन बेडरूम, ताबा दिवाळीत. जयश्रीबेनना किचन पसंत पडलं ना?’

मी घाईने शाळेचा मेल उघडला. ‘प्रवेश निश्चितीसाठी बालकाचा स्वतःचा ईमेल पत्ता शनिवारपर्यंत कळवावा. कुटुंबाचा सामाईक पत्ता ग्राह्य धरला जाणार नाही.’ शेवटच्या शब्दापर्यंत पोचले आणि मेल डोळ्यांदेखत नाहीसा झाला. पाठोपाठ सगळेच गेले. कोणी तरी पुण्यासाठी पुसलं, कोणी कामरेजसाठी. एकेक शोधत बसायला वेळ नव्हता म्हणून सगळं निवडून पुसलं. मग कचरापेटीही रिकामी झाली. हे कोणी केलं ते चौकशीत निष्पन्न झालं नाही, कारण चौकशी करायला कोणीच पुढे आलं नाही. भाऊ फोन खिशात घालत म्हणाले, “आयमॅप चांगलं आहे. एकदम स्वच्छ.”

तिथेच बसून मी उर्वीचा पत्ता उघडला. एवढ्या लहान व्यक्तीला पत्ता मिळत नाही, असं यंत्राने कळवलं. म्हणून तिच्या नावापुढे मी माझं जन्मसाल घातलं. ज्या मुलीला अजून ‘अ’चं पोट काढता येत नाही, ती कागदोपत्री माझ्या वयाची झाली. तिच्या वतीने मीच शाळेला उत्तर लिहिलं. लगेच पोच आली: ‘प्रिय उर्वी, अभिनंदन. गृहपाठ मेलवर मिळेल.’ तिला झोप आली होती. अभिनंदन मी तिच्या केसांतच सांगितलं.

त्यानंतर घरातलं एकेक माणूस मला एकटीला गाठायला स्वयंपाकघरात येऊ लागलं. योगेंद्र आला, जयश्रीताई आल्या, भाऊही येऊन गेले. कोणालाच पॉप-आयमॅपमधला फरक ऐकायचा नव्हता. हवा होता फक्त आपला आपला पत्ता. सगळ्यांत शेवटी सासूबाई आल्या. “माले बी एक काढी दे,” त्या कुजबुजल्या, “पन कोनले सांगू नको.” एकत्र पत्त्यावर आता फक्त लोनवाले येतात. पाहुण्यांना नाना अभिमानाने सांगतात, आमचं टपाल अजून एक आहे.

आज दुपारी उर्वी झोपली नाही. वाटीतला फोन घेऊन मांडीवर बसली आणि मी उघडलेल्या पत्त्यांवर एकेक बोट ठेवू लागली.

“हा माझा. हा पप्पांचा. हा मोठ्या मम्मीचा. हा आजीचा...”

“शू! आजीचा कोणाला सांगायचा नाही.”

तिने मान डोलावली. बोट सगळ्यांत खालच्या पत्त्यापर्यंत गेलं, मग परत पहिल्यापासून खाली आलं आणि थांबलं.

“आई, मी तुला मेल पाठवला, तर तो कुठे येणार?”