रुमालाखालचे मुळे

लातूर जिल्ह्यातून वक्तृत्व स्पर्धेत पहिली आलेली पहिली मुलगी मी. माझ्याआधी कुणी आलं नाही, कारण माझ्याआधी जिल्हाच नव्हता, असं आमच्या शेजारचा व्यंकटी म्हणतो. त्याला जळू दे. जिल्हा नवा असला तरी विषय जुनाच होता, ‘महागाई आणि आपण’, आणि त्यावर मी असं काही बोलले की एका परीक्षकानं चष्मा काढून पुसला. चष्म्यावर धूळ होती, असंही व्यंकटीचं म्हणणं आहे.

माझं म्हणणं सोपं होतं. शेतकरी स्वस्त विकतो, आपण महाग घेतो, आणि मधलं सगळं मधले लोक खातात. म्हणून ग्राहकानं दारावरची भाजी सोडावी, उठावं, थेट मोंढ्यात, म्हणजे घाऊक बाजारात, जावं आणि ठोकानं घ्यावं. यावर टाळ्या पडल्या. टाळ्या ऐकल्या की माणसाला आपलंच म्हणणं खरं वाटायला लागतं, हे मला नंतर कळलं.

त्या वर्षी पाऊस नव्हता. गल्लीत टँकर यायचा आणि भाजीला हात लावला की चटका बसायचा. आमच्या घरी भाजी धुरपताबाईंकडून यायची. त्या डोक्यावर टोपलं घेऊन दारात बसायच्या, मायचं सुखदुःख ऐकायच्या आणि जाताना चार मिरच्या वर टाकायच्या.

“माय, ही धुरपताबाई मधली हाय,” मी म्हणाले.

“मधली न्हाई गं, थोरली हाय. तिच्या पाठीवर दोन बहिणी हायत.”

मायला अर्थशास्त्र समजावण्यात वेळ घालवण्यापेक्षा करून दाखवावं, असं मी ठरवलं.

दादांना मात्र हे पटलं नाही. दादा म्हणजे माझे वडील, किशनराव. जिल्ह्याच्या नव्या कचेरीत लिपिक, पण तात्पुरते. कायम करायचा हुकूम आज निघेल, उद्या निघेल, असं चालू होतं. तो निघाला नाही तर आम्हाला लातूर सोडून परत गावी जावं लागणार होतं, आणि गावात दहावीची शाळा नव्हती. त्यामुळे दादांनी घरात एकच नियम केला होता.

“हुकूम निघस्तोवर कुणाच्या डोळ्यात येऊ नका. साहेबांनी माझं नाव फक्त पगाराच्या दिवशी ऐकावं. तेबी हळू.”

“दादा, मी भाजी आणायला चाललेय. साहेबांच्या डोळ्यात कशी येईन?”

“तू वक्तृत्ववाली हायस, पंचे. तुझा नेम न्हाई.”

तरी मी गेले. उजाडता उजाडता दोन पिशव्या घेऊन मोंढ्यात हजर. तिथं गाड्या, बैल, पोती आणि माणसं अशी एकमेकांत कालवलेली होती की बैलाला ‘सरका’ म्हणावं आणि माणसाला ‘हट’. मला माणिकप्पा आडत्यांचं दुकान दिसलं. समोर रेणापूरकडची एक बैलगाडी उभी होती, पांढऱ्याशुभ्र मुळ्यांनी भरलेली. दुष्काळात असे मुळे म्हणजे एखाद्याच्या विहिरीनं जीव टाकता टाकता केलेलं काम.

तिथली पद्धत मला ठाऊक होती, म्हणजे मला तसं वाटत होतं. आडत्या आणि घेणारा दोघं रुमालाखाली हात घालतात. घेणारा आडत्याची बोटं धरतो. तोंडानं कुणी काही बोलत नाही, म्हणजे बाजूच्याला काही कळत नाही. मी बराच वेळ बघितलं. एक जण आला, रुमालात हात घातला, तोंड वाकडं करून गेला. दुसरा आला, तोही तसाच. मला चार जुड्या पाहिजे होत्या. मी पुढे झाले.

“काय पायजे बाळ?” माणिकप्पा म्हणाले.

“मुळे.”

“किरकोळ तिकडं, फाटकापाशी.”

“किरकोळ नको. ठोकानं घ्यायचेत.”

आजूबाजूचे दोघं-तिघं हसले. माणिकप्पा हसले नाहीत. “कुणाची गं तू?”

“कलेक्टर कचेरीतल्या किशनरावांची,” मी म्हणाले, व्यासपीठावर म्हणतात तशी.

माणिकप्पांनी रुमाल झटकला आणि हातावर टाकला. मी आत हात घालून त्यांची चार बोटं घट्ट धरली. त्यांनी माझ्याकडे बघितलं, गाडीवाल्याकडे बघितलं, आणि रुमाल ओढून घेतला.

“दिले. ज्ञानोबा, गाडी ताईच्या घरी लाव.”

“गाडी कशाला? मी पिशव्या आणल्यात,” मी म्हणाले.

तेव्हा मला कळलं की रुमालाखाली जुड्या नसतात. रुमालाखाली भाव असतो, आणि भाव अख्ख्या गाडीचा असतो. माझ्याआधीच्या दोघांनी कमी बोटं धरली होती. सगळ्या मोंढ्यात सगळ्यात महाग मुळे घेणारी गिऱ्हाईक मी होते.

“काका, चुकून झालं. मला चारच जुड्या पायजेत.”

“बाळ, रुमालातली जबान हाय,” माणिकप्पा शांतपणे म्हणाले. “ती फिरवली तर उद्या ह्या रुमालात कोण हात घालंल? पैशाची घाई न्हाई. कचेरीवाल्याचं पैसं कुठं पळून जात न्हाईत.”

अशा रीतीनं मी मुळ्यांच्या ढिगावर बसून घरी निघाले. गाडी हाकणारे ज्ञानोबा वयस्कर, बारीक, कमी बोलणारे. अर्ध्या रस्त्यात त्यांना राहवलं नाही.

“ताई, येवढे मुळे घरी काय करता?”

इथं खरं सांगितलं असतं तर ही गोष्ट संपली असती. पण रस्त्यात माझ्या वर्गातल्या दोघी दिसल्या होत्या, त्यांनी हात हलवला होता, आणि जिल्ह्यात पहिली आलेली मुलगी चुकून मुळ्यांवर बसली आहे, हे मला कुणालाच सांगायचं नव्हतं. ज्ञानोबांनासुद्धा.

“सरकारी काम आहे,” मी म्हणाले.

“जनावरांच्या छावणीला का?”

“हूं.”

“तरीच. पाला लई चांगला असतोय जनावराला.” आणि ते समाधानानं बैलांशी बोलायला लागले.

माय दारात टँकरची वाट बघत उभी होती. टँकरच्या जागी मी आले.

“माय, मी चार जुड्या आणायला गेले होते.”

“मंग?”

“मी त्यांची चार बोटं धरली.”

मायच्या हातातली घागर खाली आली. “कुणाची बोटं धरलीस, पंचे? सावकास सांग. घरचे कोण हायत त्याचे?”

तिला माणिकप्पांचं वय सांगितल्यावर ती जराशी सावरली. मग तिला मुळे दिसले आणि ती पुन्हा बसली. ज्ञानोबांनी मुळे उतरवले. बाजेखाली, बाजेवर, मोरीत, माझ्या दप्तराच्या खुंटीखाली, सगळीकडे मुळे. आमच्या दोन खोल्या होत्या. आता एक मुळ्यांची झाली. मी गल्लीत वाटायला निघाले तर दारातच धुरपताबाई.

त्यांनी टोपलं उतरवलं. टोपल्यात मुळेच होते. त्यांनी आमच्या खोलीत डोकावून बघितलं.

“सिंधुबाई, काय चुकलं होतं माझं?” त्यांनी मायला विचारलं.

“तुमचं काही न्हाई हो बाई. पोरीचं डोकं.”

“गल्लीत फुकट वाटले तर मी उद्यापासून ह्या गल्लीत पाय ठेवणार न्हाई. आधीच सांगून ठेवते.”

वाटणं बंद. त्या दिवशी सकाळी मुळ्याची भाजी, दुपारी मुळ्याच्या पाल्याची भाजी, संध्याकाळी मुळ्याची कोशिंबीर. संध्याकाळपर्यंत घराला असा वास सुटला की व्यंकटीनं भिंतीपलीकडून विचारलं, कुणाची तब्येत बरी नाही का.

दादा आले, चपला काढल्या, आणि दारातच थांबले.

“हे काय?”

“मुळे,” माय म्हणाली.

“ते दिसलं.”

मी सगळं सांगितलं. दादांनी पैशाचं काहीच विचारलं नाही. त्यांनी एकच विचारलं. “कचेरीचं नाव घेतलंस?”

“फक्त एकदा.”

दादा भिंतीला टेकून बसले. त्यांच्या तोंडाकडे बघून ‘हूं’चा भाग मी भाकरीबरोबर गिळला.

तो भाग दुसऱ्या दिवशी सकाळी बाहेर आला. आम्ही उठलो तर दारात तीन बैलगाड्या. मुळ्यांच्या. पुढच्या गाडीवर ज्ञानोबा, मागे त्यांचे भावकीतले लोक. दादा दात घासत बाहेर गेले आणि तीन माणसांनी एकदम डोक्यावरचे पटके सारखे केले.

“रामराम साहेब. छावणीचे मुळे हितंच घेतात न्हवं?”

दादांच्या तोंडात मंजन होतं. त्यामुळे ते लगेच काही बोलू शकले नाहीत, आणि गप्प राहणारा माणूस हा मोठाच साहेब असतो, अशी लोकांची समजूत झाली. चौथा माणूस गाडी नाही, गाय घेऊन आला होता.

“साहेब, चारा हितं हाय तर छावणीबी हितंच आसंल. कुठं बांधू?”

“बांधू नका,” दादा म्हणाले.

“मंग सोडू?”

“सोडूबी नका.”

तोवर गायीनं आपला निर्णय घेतला होता. ती सरळ आमच्या टँकरच्या पाण्याच्या ड्रमकडे गेली आणि मायच्या देखत तळ गाठला. मागून दोन म्हशी, एक बैलजोडी, एक वासरू, आणि त्यांच्या मागून त्यांचे मालक आले. बातमी रेणापूरच्या रस्त्यानं रात्रीच फिरली होती: कचेरीच्या किशनरावांनी छावणी उघडली, मुळे उतरलेसुद्धा. धुरपताबाईही आल्या, टोपलं घेऊन. म्हणाल्या, सरकार घेत असंल तर माझेबी घ्या, मी काय परकी हाय का.

मला वाटलं, दादा आता मला मारतील. पण दादा लिपिक. त्यांच्यासमोर काहीही गर्दीनं आलं की त्यांचे हात आपोआप रांग लावतात. त्यांनी म्हशी एका बाजूला घेतल्या, बैल दुसऱ्या, दुभती जनावरं सावलीला. माझ्याकडून खडू मागून घेतला आणि जनावरांच्या पाठीवर नंबर घातले. वासराला आईचाच नंबर देऊन खाली ‘अ’ लिहिला. गल्लीतले लोक आधी भांडायला आले होते. नंतर तेही रांगेत उभे राहून बघायला लागले.

त्याच वेळी जीप आली.

जीपमधून छावण्यांचं काम बघणारे साहेब उतरले. मी दादांकडे बघितलं. दादांच्या एका हातात खडू, दुसऱ्या हातात म्हशीचं दावं आणि तोंडावर मंजन वाळलेलं.

“किशनराव,” साहेब म्हणाले, “ही छावणी कुणाच्या हुकमानं?”

ज्ञानोबांनी माझ्याकडे बोट दाखवलं. धुरपताबाईंनी दाखवलं. व्यंकटीनं तर भिंतीवर चढून दाखवलं. मी पुढे झाले, हात जोडले, आणि सवयीनं सुरुवात झाली.

“आदरणीय अध्यक्ष महोदय, पूज्य गुरुजनवर्ग...”

“पुढं,” साहेब म्हणाले.

पुढं मी रुमाल, चार बोटं आणि ‘हूं’, सगळं सांगून टाकलं. इतकं छोटं भाषण मी आयुष्यात केलेलं नाही. दादांचा यात काही हात नाही, त्यांना गावी पाठवू नका, असं शेवटी म्हणाले, तेव्हा आवाज जरा फाटला.

साहेब जनावरांच्या रांगेवरून सावकाश फिरले. ‘अ’ लिहिलेल्या वासरापाशी थांबले.

“नंबर कुणी घातले?”

“मी, साहेब,” दादा म्हणाले. “चुकून.”

“रेणापूरच्या रस्त्याला छावणी उघडायची म्हणून मी कधीचा माणूस शोधतोय. ज्याला सांगावं तो आजारी पडतो. तुम्ही इथं, गल्लीत, दात घासता घासता उघडलीत.” साहेबांनी ड्रायव्हरकडे बघून मान हलवली. “ही जनावरं आजच तिकडं हलवा. मुळे चाऱ्यात धरू, आडत्याला तिकडून पैसे मिळतील. आणि छावणी तुम्ही सांभाळायची, किशनराव.”

“साहेब, मी तात्पुरता हाय. माझ्यावर जबाबदारी...”

“मग आजपासून कायम.”

मायनं दारामागून डोळ्याला पदर लावला. ज्ञानोबांनी पुन्हा पटका सारखा केला. मी मनातल्या मनात पुढच्या भाषणाची सुरुवात केली. साहेब जीपमध्ये बसले, दार लावलं, आणि काचेतून म्हणाले, “छावणी चालू आहे तोवर एकदम कायम. काळजी करू नका.”

जीप गेली.

“छावणी कवर चालती?” मायनं विचारलं.

“पाऊस पडेस्तोवर,” दादा म्हणाले.

तेव्हापासून आमचं असं चाललं आहे. सगळा लातूर जिल्हा आभाळाकडे तोंड करून बसलेला असतो. परवा औशाकडून एक काळा ढग आला, तर सगळी गल्ली नाचत रस्त्यावर आली. मीही गेले, कारण ड्रम रिकामाच होता. मागे वळून बघितलं तर दारात माय उभी. ती नाचणाऱ्यांकडे बघून हसत होती, आणि एका हातानं ढगाला हळूच, कुणाला दिसणार नाही अशा बेतानं, पुढं जा म्हणून सांगत होती.