आमची काही हरकत नाही

शांतता ही फार नाजूक वस्तू असल्यामुळे ती सामान्य माणसांच्या हाती देता येत नाही. सामान्य माणसं भांडतात, चार दिवस तोंड फिरवून बसतात आणि पाचव्या दिवशी शिडी मागायला त्याच शेजाऱ्याकडे जातात. यात प्रक्रिया म्हणून काही नसतेच. समेट कसा रीतसर व्हावा लागतो. त्यासाठी संस्था लागते, संस्थेला अध्यक्ष लागतात आणि अध्यक्षांना खुर्ची लागते. आमच्या उभयतट सलोखा मंडळाला या खुर्चीपर्यंत पोचायलाच तीन वर्षं लागली.

मी या मंडळाचा चिटणीस. (वय अडतीस, अविवाहित, निर्व्यसनी. हे आत्ताच सांगून ठेवतो, पुढे उपयोगी पडेल.) मी नदीच्या कोणत्या काठाचा, हे मात्र सांगता येणार नाही. तटस्थतेच्या नियमानुसार ते गोपनीय आहे. शहरात ते सगळ्यांना ठाऊक आहे, तो भाग वेगळा.

आमच्या शहरातून नदी जाते आणि तिला दोन काठ आहेत. प्रत्येक काठ स्वतःला अलीकडचा म्हणतो आणि समोरच्याला पलीकडचा. आजोबांच्या पिढीत मधला पूल दोन वर्षं बंद होता. त्या दोन वर्षांत काय झालं ते दोन्ही काठ वेगवेगळं सांगतात, आणि मेलेली माणसं मोजताना दोघंही फक्त आपापली मोजतात. आता पूल उघडा आहे. गाड्या जातात, येतात. कोणी कोणाच्या घरी मात्र जात नाही. का, असं विचारलं तर दोन्हीकडे एकच उत्तर मिळतं: "आमची काही हरकत नाही हो."

मंडळाचं कार्यालय पुलाच्या बरोबर मध्यावर, जकातीच्या जुन्या खोलीत आहे. खोलीला दोन दारं आहेत, म्हणजे दुसऱ्याच्या दारातून येण्याची नामुष्की कोणावर ओढवत नाही. दोन सहअध्यक्ष आहेत. एका काठाचे वकीलसाहेब आणि दुसऱ्या काठाचे दातांचे डॉक्टर. दोघांच्या खुर्च्यांची उंची दर वर्षी सुतार येऊन मोजून जातो. मध्यंतरी डॉक्टरांची कंबर धरली म्हणून त्यांनी पाठीला उशी घेतली. वकीलसाहेबांनी ताबडतोब तेवढ्याच जाडीची उशी मागितली. त्यांची कंबर ठणठणीत होती, पण त्या उशीला टेकून टेकून तीही गेली. आता दोघं खऱ्या अर्थाने समान पातळीवर आहेत.

मंडळाचं कार्य मोठं आहे. सुरुवातीला आम्ही दोन्ही काठांच्या संस्कृतींची शास्त्रशुद्ध पाहणी केली. तीत एकूण चार फरक सापडले. एका काठावर चपला दाराबाहेर काढतात, दुसऱ्यावर दाराच्या आत. एकीकडे कपात आधी साखर घालतात, दुसरीकडे आधी चहा. उरलेले दोन यापेक्षाही किरकोळ होते. ही पाहणी जाहीर होताच दोन्ही काठांवर संतापाची लाट उसळली. फक्त चार? आमची शेकडो वर्षांची संस्कृती आणि त्यांच्यात नि आमच्यात फरक फक्त चार? मंडळाने झाल्या चुकीबद्दल दिलगिरी व्यक्त करून सुधारित आवृत्ती काढली. तीत फरक बेचाळीस आहेत. (सदतिसाव्या फरकापासून पुढचे मी घरी बसून तयार केले.)

शांतता मोजायची कशी, याबद्दल जगभर गोंधळ आहे. आम्ही तो आमच्यापुरता मिटवला. माणूस समोरच्या काठाबद्दल बोलू लागला, की कितव्या वाक्यात 'पण' येतो ते पाहायचं. मंडळ निघालं तेव्हा तो पहिल्याच वाक्यात येई: "माणसं चांगली आहेत, पण." अथक प्रयत्नांनी आम्ही तो तिसऱ्या वाक्यापर्यंत मागे रेटला. "माणसं चांगली आहेत. आमच्या आजोबांचा तर घरोबा होता. माझा एक जवळचा मित्र तिकडचाच आहे, पण." या प्रगतीचा रंगीत आलेख वार्षिक अहवालाच्या मुखपृष्ठावर छापला आहे.

आणि आमचा गोटा. नदीच्या बरोबर मधोमध तळातून काढलेला हा दगडाचा गोटा बैठकीत टेबलावर असतो. (मध्य ठरवायला दोन बोटी आणि एक निवृत्त न्यायाधीश लागले होते.) ज्याच्या हातात गोटा त्यानेच बोलायचं, बाकीच्यांनी ऐकायचं. हा नियम दोन्ही सहअध्यक्षांनी मिळून केला आणि आजवर कधी मोडला नाही. गोटा दोघांच्याही हाती सहसा लागत नाही, कारण तो आधी कोणी उचलायचा याचा निर्णय प्रलंबित आहे.

अशा या सुस्थितीतल्या संस्थेला दृष्ट लागली ती तरुणांच्या सहवास शिबिरात.

शिबिरात एक उपक्रम असतो. दोन काठांचे दोघं समोरासमोर बसवायचे आणि पाच मिनिटं न बोलता एकमेकांच्या डोळ्यांत पाहायला लावायचं. समोरचाही माणूसच आहे, ही जाणीव व्हावी असा हेतू. जाणीव झाली की प्रत्येकाला एक केळं देऊन आपापल्या काठावर पोचवतात. त्या वर्षी जोड्या मी लावल्या. वकीलसाहेबांची मुलगी पाणीपुरवठा खात्यात नळांचे नकाशे काढते. डॉक्टरांचा मुलगा लिफ्ट दुरुस्त करतो. (डॉक्टर हे सांगताना 'यंत्रांचं बघतो' एवढंच सांगतात.) दोघांना मी खिडकीपाशी समोरासमोर बसवलं. पाच मिनिटांनी घंटा वाजवली. बाकीचे उठले, केळी घेऊन गेले. हे दोघं उठले नाहीत. अहवालात मी 'विशेष सहभाग' अशी नोंद केली.

त्यानंतर जवळजवळ वर्षभर त्यांनी हाच उपक्रम स्वखर्चाने आणि मंडळाच्या देखरेखीशिवाय चालू ठेवला. मग एका बैठकीत दोघं एकत्र आत आली. एकाच दारातून. (कोणत्या, ते तटस्थतेमुळे सांगत नाही.) मुलगी सरळ टेबलापाशी आली आणि तिने गोटा उचलला.

"बाबा, काका," ती म्हणाली, "आम्ही लग्न करतोय. पुढच्या महिन्यात, नोंदणी कार्यालयात. आमचं एकच म्हणणं आहे. आशीर्वाद द्यायचे नसतील तर नका देऊ, पण या."

(हा 'पण' कुठे मोजावा ते मला कळलं नाही.)

वकीलसाहेबांनी तोंड उघडलं. मुलीच्या हातात गोटा होता. त्यांनी तोंड मिटलं. डॉक्टरांनी नुसता घसा साफ केला, तर मुलाने बोट दाखवून गोट्याकडे खूण केली. घसा साफ करणं हे बोलण्यात धरावं की नाही, हे मी नियमावलीत शोधत होतो तेवढ्यात दोघं निघून गेली. गोटाही गेला.

दार लागलं आणि मंडळाच्या इतिहासातला सर्वांत उज्ज्वल क्षण सुरू झाला.

"वकीलसाहेब," डॉक्टर म्हणाले, "हे होता कामा नये."

"डॉक्टर, अगदी माझ्या मनातलं बोललात."

"माझा मुलगा आहे म्हणून झाकत नाही. तुमच्या मुलीचा आमच्या घरात निभाव लागायचा नाही."

"तेच म्हणतो मी. तिला सवयच नाही तुमच्याकडची. आणि तुमच्या पोराचे हाल वेगळेच."

"हालच हो. दुसरं काय."

एकदाही 'पण' आला नाही. मतदान नाही, मध्यस्थ नाही, चहासुद्धा निवला नव्हता. मंडळाचा पहिला एकमताचा ठराव मंजूर झाला. डॉक्टरांनी आपली उशी काढली आणि वकीलसाहेबांच्या पाठीशी सरकवली. "घ्या, तुम्हाला जास्त गरज आहे," ते म्हणाले. हे पाहून माझ्या डोळ्यांत पाणी आलं, ते मी लपवणार नाही.

दुसऱ्या दिवशी वकीलीणबाई जन्मात पहिल्यांदा पूल ओलांडून डॉक्टरांच्या घरी गेल्या. चपला बाहेर काढाव्या की आत, म्हणून उंबऱ्याशी घुटमळल्या. "अहो, राहू द्या पायातच, परक्या का आहात?" असं म्हणत डॉक्टरीणबाईंनी त्यांना हाताला धरून आत नेलं. दोघी गळ्यात गळा घालून रडल्या. "मुलगा तुमचा गुणी आहे हो." "मुलगी तरी काय वाईट आहे तुमची?" वाईट कोणीच नव्हतं. लग्न तेवढं नको होतं, यावर दोघींचं मन जुळलं.

मग काठांनी हे मनावर घेतलं. संयुक्त विवाहविरोधी समिती स्थापन झाली. ज्यांनी पन्नास वर्षं एकमेकांचं तोंड पाहिलं नव्हतं, ते म्हातारे पुलावर एका बाकावर बसून एकमेकांच्या औषधांची चौकशी करू लागले. रुसलेले दुकानदार एका छत्रीतून निषेध मोर्चाला गेले. आमच्या ताज्या मोजणीत सत्त्याण्णव टक्के नागरिकांच्या बोलण्यातून 'पण' समूळ नाहीसा झाला. (उरलेल्या तीन टक्क्यांत ती दोघं, मी आणि एक बहिरे गृहस्थ होते.) दूरदूरच्या शांतता संस्थांनी हे कसं साधलं म्हणून विचारणा केली. मी 'सातत्यपूर्ण संवाद' असं कळवलं.

लग्नाच्या आठवड्यात मुलगी मला पुलाखाली भेटली. नळाची कुठलीशी चावी तपासत होती.

"दादा, बाबा येतील ना?"

"समिती फार सुरेख काम करते आहे," मी म्हणालो.

"समितीचं नाही विचारत मी. बाबांचं विचारते."

"प्रक्रिया चालू आहे."

तिने चावी बंद केली, पुन्हा उघडली. ही मुलगी एवढीशी असताना बैठकीला यायची आणि वडिलांच्या मांडीवर झोपून जायची. तिला उत्तर देता आलं नाही याचं मला फार वाईट वाटलं. तटस्थ माणसाला वाईट वाटण्याची सोय नियमावलीत नाही, तरी वाटलं.

लग्नाच्या दिवशी साक्षीदार म्हणून मी होतो. नोंदणी कार्यालय पहिल्या मजल्यावर. मुलगी दर दोन मिनिटांनी खिडकीशी जाऊन येत होती. मुलगा तिला "येतील गं" म्हणत होता आणि स्वतःच्या शर्टाचं बटण पिळत होता, शेवटी ते तुटलं. सह्या करायची वेळ आली तेव्हा ती पुन्हा खिडकीशी गेली आणि तिथेच थांबली.

"आले," ती म्हणाली.

रस्त्याच्या पलीकडे बाकावर समिती बसली होती. मधोमध वकीलसाहेब आणि डॉक्टर, दोघांच्या पाठीमागे एकच उशी. दोन्ही आया बाजूला. निषेधासाठी आले होते, तसा फलकही होता. फलक मात्र उलटा धरला होता आणि चौघंही नव्या कपड्यांत होते.

सह्या झाल्या. मुलगी मुलाला घेऊन जिना उतरली, रस्ता ओलांडून वडिलांसमोर उभी राहिली आणि पिशवीतून गोटा काढून त्यांच्या हातात दिला.

"घ्या बाबा. आता तुम्ही बोला. आम्ही ऐकतोय."

वकीलसाहेबांनी गोटा दोन्ही हातांत धरला. "माझी काही हरकत नव्हती," ते म्हणाले. "मुलगा चांगला आहे. पण..."

सगळा रस्ता थांबला. ते गोट्याकडे पाहत राहिले. पुढचा शब्द काही आला नाही. उभ्या जन्मात ज्यांचं वाक्य कधी अर्धवट राहिलं नाही त्या वकिलाला, 'पण'च्या पुढे नेमकं काय असतं, ते आठवेना. शेवटी त्यांनी गोटा डॉक्टरांकडे दिला. "माझंही तेच," डॉक्टर कसेबसे म्हणाले आणि लेकाच्या शर्टावरची तुटलेल्या बटणाची जागा चाचपू लागले. मग सगळे रडले, आणि मुलगी सगळ्यांत मोठ्याने रडली.

इथे गोष्ट संपती तर बरं झालं असतं. मात्र विरोध संपल्यामुळे समितीला काम उरलं नाही, आणि त्याच संध्याकाळच्या जेवणात फोटोमध्ये उजवीकडे कोणी बसायचं हा प्रश्न निघाला. मग उशी कोणाची, हा निघाला. आता सुनेला दिवस गेले आहेत आणि बाळंतपण कोणत्या काठावरच्या दवाखान्यात, यावरून दोन्ही सहअध्यक्षांनी पुन्हा वेगवेगळ्या दारांनी यायला सुरुवात केली आहे. 'पण' दुसऱ्या वाक्यावर आला आहे. सुताराला बोलावणं गेलं आहे.

यातून मंडळाने काढलेला निष्कर्ष सरळ आहे. दोन काठांना एकत्र आणायचं, तर दर वर्षी असं एक तरी लग्न व्हायला हवं. त्यासाठी स्वयंसेवक मागवले, तर ठरावाला सर्वांचा पाठिंबा मिळाला आणि नाव कोणीच दिलं नाही. तेव्हा नाइलाजाने मी दिलं.

म्हणून तर सुरुवातीलाच सांगून ठेवलं: वय अडतीस, निर्व्यसनी. आज गोपनीयतेचा नियमही मोडतो. मी पलीकडचा. म्हणजे वाचकहो, तुम्ही ज्यांना पलीकडचे म्हणता ना, बरोबर त्यांच्यातला. तुमच्या घरात लग्नाची मुलगी, बहीण, भाची, कोणीतरी असेलच. वकीलसाहेबांना आणि डॉक्टरांना तुम्ही इतका वेळ मनमोकळं हसलात, त्यावरून तुम्ही तसले नाही हे मला कळलं आहे. येत्या रविवारी आईवडिलांना घेऊन तुमच्याकडे येतो. चपला कुठे काढायच्या तेवढं सांगा. गोटाही बरोबर आणतो, तो आधी तुमच्या हातात देईन, आणि तुम्ही हसतमुखाने म्हणाल, "छे हो, आमची काही हरकत नाही..."

बोला. मी ऐकतोय.