तात्यांचं नाक आणि आमचा कोबा

आमच्या पिंपळवंडीचे रंगनाथतात्या कुणाच्याही घरी गेले की चहापाण्याआधी पालथे पडतात. गाल फरशीला टेकवतात, डोळे मिटतात आणि लांब श्वास घेतात. बोरीच्या एका घरात तर तात्यांना फिट आली असं समजून यजमानाने धावत जाऊन कांदा आणला आणि नाकाला लावला. तात्यांनी तोही मनापासून हुंगला. ‘‘ह्यो बी ओलाच भरलाय तुमी,’’ म्हणाले. कांद्याच्या चाळीत जाऊन पाहिलं, तर तळाचे कांदे सडायला लागले होते.

असा माणूस तालुक्यात दुसरा नाही, हे मी छातीठोकपणे सांगते. तात्यांनी आयुष्यभर गवंडीकाम केलं. आता थापी खुंटीला टांगलीय, पण नाक अजून कामावर जातं. कुठेही ओल दिसो, कुबट वास येवो, तात्यांचा निकाल ठरलेला : ‘‘खालनं येतंय राव.’’ भावकीतलं भांडण असो की सोसायटीची निवडणूक, तिथेही हेच. अवसरीला इंजिनीअरिंग शिकणाऱ्या माझ्या भाचीने एकदा ओल मोजायचा मीटर आणला होता. शेजारच्या घरात सगळीकडे फिरवून ज्या कोपऱ्यात त्याचा आकडा सर्वांत वर गेला, तिथे तात्या आधीच पडलेले होते. मला इतका अभिमान वाटला, जणू ते नाक माझंच.

हेच नाक आमच्या घरात आलं तेव्हा मात्र मला राग आला. पाटाच्या कडेला आम्ही नवं घर बांधलं. सासूबाईंच्या खोलीत सिमेंटच्या कोब्यावर मी हौसेने लाकडासारखं दिसणारं फ्लोअरिंग टाकून घेतलं. येईल त्याला मी ते दाखवायचे. काही महिन्यांत खोलीला कुबट वास यायला लागला. गोधड्या धुतल्या, खाट उन्हात टाकली, धूप घातला. वास काही जाईना. मग मी मनाशी ठरवूनच टाकलं, की हा वास सासूबाईंचाच.

तोंडाने मी बोलले नाही, पण त्यांना कळलं. त्या दोनदा आंघोळ करायला लागल्या. कुणी आलं की उठून ओट्यावर जाऊन बसायच्या. शेवटी मी त्यांची खाट पडवीत हलवली. ‘‘तिथं हवा चांगली आहे,’’ मी म्हणाले. त्यांनी ‘बरं’ म्हटलं.

तात्या सहज म्हणून आले होते. पडवीतली खाट त्यांनी पाहिली आणि थेट आतल्या खोलीत जाऊन पालथे पडले.

‘‘सूनबाई, पाटाला पाणी सुटलं की वास वाढतो का?’’

वाढत होता.

‘‘कोब्याखाली कागद टाकला व्हता?’’

म्हणजे प्लास्टिकचा. आमच्या ह्यांनी मान खाली घातली. आणला होता, पण त्याच दिवशी आभाळ आलं आणि तो कांद्यावर झाकला गेला.

फ्लोअरिंग उचलू द्यायला मी तयार नव्हते. तात्यांनी कोपऱ्यातली दोनच फळ्यांची जागा मागून घेतली, उघड्या कोब्यावर पारदर्शक प्लास्टिकचा तुकडा ठेवला आणि चारी कडा टेपने बंद केल्या. तिसऱ्या दिवशी प्लास्टिकच्या आतल्या अंगाला थेंबच थेंब. बाकीच्या फळ्या उचलल्या, तर खाली काळी बुरशी. आणि तोच वास.

तात्या पडवीत गेले. ‘‘वयनी, वास फरशीचा व्हता. तुमचा न्हाई.’’

सासूबाईंनी पदराचं टोक नाकाशी नेलं, हुंगलं आणि मग माझ्याकडे पाहिलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

कोबा वाळेपर्यंत उघडा ठेवायचा, पाटाच्या अंगाला चर काढायचा, मग ओल अडवणारा थर द्यायचा, असं तात्यांनी सांगितलं. तोवर सासूबाईंची खाट आमच्या खोलीत आणली. सगळं झाल्यावर चहा देताना मी तात्यांना विचारलं, ‘‘नुसती खाट बघून तुम्हाला कसं कळलं?’’

तात्यांनी बशी खाली ठेवली.

‘‘माज्या आयची खाट मी गोठ्याकडं नेली व्हती. ती तिथंच गेली. तिचे दिवस झाल्यावर तिची खोली उघडली, तर वास तसाच.’’ त्यांनी बशी पुन्हा उचलली. ‘‘त्यो कोबा माज्याच हातचा.’’