एका सिगारेटीचा घाणा

भट्टीमास्तरांनी सिगारेट सोडली त्या दिवशी बेकरीतला पहिला घाणा कोळसा झाला, दुसरा कच्चा राहिला आणि तिसऱ्याच्या वेळी मालकीणबाई गल्ल्यावरून उठून स्वतः आत आल्या.

"मास्तर, हे काय आहे?"

"पाव," मास्तर म्हणाले.

"कशावरून?"

पीठ मळणारे गोणीमामा मध्ये पडले. मैद्याची गोणी एका खांद्यावर उचलतात म्हणून त्यांना हे नाव पडलं होतं, आणि गोणीइतकंच ते शांत असत. "बाई, मास्तरांनी सिगारेट सोडली," ते म्हणाले.

"अरे वा. अभिनंदन," मालकीणबाई म्हणाल्या आणि हातातल्या काळ्या वस्तूकडे बघून जरा थांबल्या. "मग आता आपण काय करायचं?"

प्रश्न रास्त होता. बेकरीच्या भिंतीवर घड्याळ होतं, पण ते कधी बंद पडलं हे कुणालाच ठाऊक नव्हतं, कारण मास्तर चालू होते. सव्वीस वर्षं त्यांचा एकच रिवाज. पावांचे पत्रे भट्टीत सरकवायचे, झाकण लावायचं, मागच्या दाराच्या पायरीवर बसून सिगारेट पेटवायची. ती संपली की छोटे पाव तयार. मोठ्या पावाला तीन सिगारेटी. वारा असो, अंगात ताप असो की घरून भांडून आलेले असोत, मास्तरांची सिगारेट सात मिनिटांच्या आत कधी संपली नाही आणि सातच्या पुढे कधी गेली नाही. दिवसाला घाणे किती होत आणि मास्तरांच्या छातीत किती धूर जाई, याचा हिशेब कुणी केला नव्हता. तो केला त्यांच्या लेकीने.

लेक नर्स होती, आणि घरी आल्यावरही नर्सच असायची. तिला मुलगी होऊन बारा दिवस झाले होते. बाळंतिणीचं करायला मास्तरांची बायकोही तिकडेच राहायला गेली होती. मास्तर नात बघायला गेले ते चार मजले चढून, प्रत्येक वळणावर कठड्याला धरून. बेल वाजवायची गरजच पडली नाही, त्यांचा खोकला दोन मजले आधी पोचला होता. लेक दारातच उभी राहिली.

"बाबा, तिथूनच बघा. कपड्यांना, हातांना, सगळ्याला धुराचा वास येतोय. एवढ्याशा जिवाजवळ तो नको."

मास्तरांना दुपट्यातून बाहेर आलेली एक टाच तेवढी दिसली, चिमटीत मावेल एवढी.

"मग मी तिला घ्यायचं कधी?"

"चाळीस दिवस एकही ओढायची नाही. मग ती तुमच्या मांडीवर, हवा तेवढा वेळ."

मास्तरांनी याआधी सात वेळा सिगारेट सोडली होती. त्यातला सगळ्यात मोठा पल्ला सकाळपासून जेवणापर्यंतचा, तोही दाढ दुखत होती म्हणून. आतून बायको म्हणाली, "चाळीस कशाला सांगतेस, चार सांग. उगाच नात कॉलेजात जाईपर्यंत वाट बघत बसतील."

ते वाक्य मास्तरांना लागलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी सिगारेट सोडली, आणि घाणा जळला.

संध्याकाळी ते मोठ्या उमेदीने लेकीकडे गेले. तिने दार उघडलं, एकदाच श्वास आत घेतला आणि म्हणाली, "बाबा."

"अगं, घाणा जळला. त्याचा धूर आहे हा."

"छान. आता पावावर ढकला. उद्यापासून दिवस पहिला."

मालकीणबाई बसून राहणाऱ्यातल्या नव्हत्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी किल्ली देऊन वाजणारं, मुठीएवढं गजराचं यंत्र आणलं आणि मळायच्या टेबलावर ठेवलं. टेबलाचा एक पाय आखूड होता. गोणीमामांनी पहिला दणका दिल्याबरोबर यंत्र घरंगळलं आणि पिठात गेलं. दुसऱ्या दणक्याला ते दिसेनासं झालं. सात मिनिटांनी गजर झाला, पण कुठून ते कळेना. गोणीमामा पिठाच्या गोळ्याला कान लावून बसले. "इथं आहे," ते म्हणायचे, आणि सगळे तिथं कोपरापर्यंत हात घालायचे. यंत्र सापडलं तेव्हा त्यात मैदा गेला होता, आणि मैद्यात काय काय गेलं होतं ते नको विचारायला. तो सगळा गोळा टाकून द्यावा लागला. या भानगडीत भट्टीतला घाणा पुन्हा जळला.

त्या दुपारी मालकीणबाईंनी मास्तरांच्या पुढ्यात एक नवंकोरं पाकीट ठेवलं.

"मास्तर, मला बहीण समजा. एक घ्या. स्वतःसाठी नको, बेकरीसाठी."

मास्तरांची बोटं त्यांना न विचारताच पुढे गेली. पाकीट हातात आलं, त्याचा तो ओळखीचा चौकोनी स्पर्श, आणि त्यांच्या तोंडाला पाणी सुटलं. इतकी सिगारेट त्यांना सव्वीस वर्षांत कधी हवीशी वाटली नव्हती. गोणीमामा मळायचे थांबले. मग मास्तर हळूच खाली वाकले आणि ते पाकीट, न उघडता, टेबलाच्या आखूड पायाखाली सरकवलं.

"डुगडुगत होतं," ते म्हणाले.

पण घाणा भट्टीत होता. पायरीवर बसलं की हात खिशाकडे जाई. म्हणून मास्तर उठले आणि समोर इमारतीचा जिना होता तोच चढायला लागले. गच्चीपर्यंत अठ्ठावन्न पायऱ्या. पहिल्या वळणावर खोकले, दुसऱ्यावर बसले, तिसऱ्यावर देवाला आणि लेकीला काय वाटेल ते बोलले. गच्चीत धापा टाकून झाल्यावर कठडा धरून खाली आले, भट्टीचं झाकण उघडलं, तर छोटे पाव सोन्यासारखे फुललेले.

"गोणीमामा," ते म्हणाले, "एक सिगारेट म्हणजे एक फेरी."

"नुसतं ऐकून मला दम लागला," गोणीमामा म्हणाले.

त्या दिवसापासून बेकरीचा कायदा बदलला. छोट्याला एक फेरी, मोठ्याला तीन. पंधरा दिवस पाव असे झाले की गिऱ्हाइकं आपणहून सांगून गेली. मास्तर रोज संध्याकाळी लेकीच्या दाराबाहेरून आकडा सांगायचे, "नऊ." "बारा." "सोळा." लेक मान हलवायची आणि मनात निम्मा धरायची.

मग पाव फिके पडायला लागले. आधी नुसता रंग गेला, मग मधला भाग चिकट लागू लागला, मग एक गिऱ्हाईक पाव परत घेऊन आलं आणि त्याने तो गल्ल्यावर चिकटवून दाखवला. मालकीणबाईंनी मैदा बदलला, यीस्ट बदललं, लाकूड बदललं. गवंडी बोलावला, तो भट्टीत डोकं घालून बाहेर आला आणि म्हणाला भट्टी ठणठणीत आहे. मास्तरही हैराण झाले. फेऱ्या तर ते चुकवत नव्हते.

पस्तिसाव्या दिवशी मालकीणबाईंचा धीर सुटला. शेवटचा घाणा उतरल्याबरोबर त्यातला एक पाव पिशवीत टाकून त्या म्हणाल्या, "चला तुमच्या लेकीकडे. हे आता तिच्याच कानावर घालते."

लेकीने दार उघडलं आणि ती चमकली. "बाबा, तुम्ही? खोकला ऐकू नाही आला. एकटेच आलात?"

"नाही, मालकीणबाई आहेत बरोबर," म्हणून मास्तरांनी मागे बघितलं. मागे कुणी नव्हतं. बऱ्याच वेळाने कठडा धरून मालकीणबाई उगवल्या.

"ताई," त्या दाराला टेकून म्हणाल्या, "यांना... पुन्हा... सुरू करायला सांगा."

त्यांनी पाव पुढे केला. लेकीने तो बोटाने दाबला. खड्डा पडला तो पडलाच.

"किती वेळ भाजला?"

"एक फेरी," मास्तर म्हणाले.

"कसली फेरी?"

मास्तरांनी जिन्याची हकिकत सांगितली. लेकीने खुंटीवरच्या नर्सच्या कपड्यांना अडकवलेलं घड्याळ काढलं. "बाबा, खाली जाऊन वर या. रोज बेकरीत चढता तसे."

मास्तर गेले आणि आले. लेकीने त्यांचं मनगट धरून नाडी बघितली.

"चार मजले उतरून चढलात, तीन मिनिटांत. बाई, भट्टीला काही झालेलं नाही. बाबा लवकर यायला लागलेत." ती हसली, पण डोळे पुसून.

"आणि चोरून वगैरे?" आतून बायको म्हणाली. "सात वेळा सोडलीय त्यांनी."

"अजिबात नाही," मालकीणबाई एकदम म्हणाल्या. "मी दिलेलं पाकीट टेबलाखाली आहे. रोज वाकून बघते मी. फोडलेलंसुद्धा नाही." एवढं बोलून झाल्यावर त्यांच्या लक्षात आलं की आपण तक्रार करायला आलो होतो.

लेक आत गेली आणि दुपटं घेऊन आली.

"अजून पाच दिवस राहिलेत," मास्तर प्रामाणिकपणे म्हणाले.

"जळलेल्या पावाचा दिवस मी खोटा धरला होता. तो मिळवा."

"तरी चार राहतात."

"बसा आता गुपचूप," बायको म्हणाली आणि त्यांच्यासाठी खुर्ची ओढली.

मास्तर बसले. नात त्यांच्या मांडीवर आली. तिने एक जांभई दिली, त्यांच्या शर्टात नाक खुपसलं आणि तिथेच झोपली. शर्टाला ताज्या पावाचा वास होता. मास्तरांनी हलणं बंद केलं. आपण जिंकलो एवढंच त्यांच्या मनात पुन्हा पुन्हा येत होतं, आणि ते कुणाला सांगायचीही गरज वाटत नव्हती.

मालकीणबाईंना पाणी मिळालं, चहा मिळाला, दमही परत मिळाला. "मास्तर," त्या शेवटी म्हणाल्या, "उद्यापासून छोट्याला दोन फेऱ्या करा. आणि निघायचं का आता? किती वेळ झाला असेल?"

मास्तरांनी नातीवरची नजर न काढता अंदाज घेतला. सिगारेट होती तोवर सव्वीस वर्षांत त्यांचा अंदाज कधी चुकला नव्हता.

"सात मिनिटं."

लेकीने हातातलं घड्याळ बघितलं. "बाबा, पाऊण तास झालाय."

मालकीणबाईंनी पिशवी उचलली, मास्तरांकडे बघितलं आणि पुन्हा खाली ठेवली. "बसा," त्या म्हणाल्या. "आत्ता काही भट्टीत घाणा नाही."