तेहतीस खुणांचा व्हरांडा

आमच्या कॉलेजची जुनी इमारत शंभर वर्षांची आहे आणि तिला एकतीस कमानी आहेत. या दोन्ही बाबी निर्विवाद होत्या. मग चातुर्मास लागला.

चातुर्मासात मी रोज तेहतीस गोपद्मं काढते, म्हणजे गाईच्या खुरांची छोटी छोटी रांगोळी. सासूबाईंनी दिलेला नेम. गोमती नगरच्या आमच्या फ्लॅटपुढे झाडूवाली ती टिकू देत नाही, म्हणून कॉलेजच्या व्हरांड्यात, तुळशीच्या कुंडीपाशी, सकाळी सातला, कुणी यायच्या आत काढते. त्याच व्हरांड्यात हॉस्टेलच्या मुली अभ्यासाला बसत. खोलीत चौघीचौघी, आणि लायब्ररी दुरुस्तीसाठी बंद.

श्रावणात वारसा जतन समितीची पाहणी झाली. अध्यक्ष, इतिहासाचे विश्वजित सर, यांना फरशीवर पांढऱ्या खुणा आढळल्या. मोजल्या, तेहतीस भरल्या. सबब खुणा मूळ कारागिरांच्या, कमानीमागे एक अशा असून इमारतीच्या दोन कमानी गहाळ आहेत, असा निष्कर्ष निघाला. गहाळ कमानींच्या शोधार्थ उपसमिती नेमण्यात आली.

मी समितीची सचिव. इतिवृत्त मीच लिहिलं. सांगणारच होते, पण सरांना मध्येच तोडणं बरं दिसेना. मग चहा आला.

पुढच्या आठवड्यात सफाई कर्मचारी गोपीनाथने खुणा पुसल्या. त्याला कारणे दाखवा नोटीस गेली. दुसऱ्या दिवशी खुणा जागच्या जागी होत्या, कारण नेम मोडून चालत नाही. अहवालात ‘स्वयंस्फूर्त पुनःप्रकटन’ असा शब्द पडला. सर अडले होते म्हणून मीच सुचवला. व्हरांड्याला दोरी लागली, मुलींना प्रवेश बंद झाला. खुणांच्या दैनिक निरीक्षणासाठी मला मात्र पास मिळाला.

परीक्षेच्या आधी संपदा आली. झाशीच्या मराठी घरातली, रेल्वे इंजिनिअरची मुलगी, हॉस्टेलात राहते.

“मॅम, आईपण काढते हे. मैंने सुबह आपको देखा है,” ती म्हणाली. “एक बार बोल दीजिए न. सोमवारपासून पेपर आहेत, खोलीत बसायला जागाच नाही.”

“बाळ, चातुर्मासात मी खोटं बोलत नाही.”

“तर मग खरं बोला.”

“म्हणून तर काहीच बोलत नाही.”

“अच्छा,” ती म्हणाली, “फिर हम लोग बाथरूम के बाहर बैठ लेंगे.” आणि खरंच तिथे बसल्या.

सोमवारी ‘मूळ कारागिरांच्या खुणा’ अशा फलकाचं अनावरण झालं. सव्वाशे मान्यवर आले. प्रत्येकाने वाकून खुणांना बोट लावलं, आणि प्रत्येकाच्या बोटाला रांगोळी आली. दिवाळीत ज्यांच्या दारात हीच पूड असते, अशी ती सगळी माणसं. मी एकेकाच्या तोंडाकडे पाहत होते, कुणीतरी बोलेल म्हणून. सगळ्यांनी हळूच रुमालाला बोटं पुसली आणि टाळ्या वाजवल्या.

मला वाटायचं, भिडस्त मी एकटीच. तुम्ही कितव्या रांगेत होतात?