पसंतीक्रम क्रमांक एक

मी फक्त एक नाव वर टाकलं. बाकी अठरा नावांना हातसुद्धा लावला नाही. आमच्या घरी आजही या विषयावर बोलणं निघालं की मी हेच सांगतो, आणि आजही कुणी पूर्ण ऐकून घेत नाही.

मी भंडाऱ्यात एका सरकारी खात्यात कारकून आहे. सत्तावीस वर्षं झाली. खात्याचं नाव सांगत नाही, कारण पेन्शन व्हायची आहे. सत्तावीस वर्षांत मी तीन वेळा बदलीचा अर्ज भरला. त्यात पसंतीची तीन ठिकाणं लिहायची असतात. पहिल्यांदा मी भोळेपणाने पहिलं नाव भंडारा लिहिलं. मला दिघोरी मिळालं. (बायकोसमोर, म्हणजे रीनासमोर, मी दिघोरीचा उल्लेख आदराने करतो. ती तिथलीच. लग्न त्या बदलीतूनच झालं, त्यामुळे पहिला अर्ज फसला असं मला म्हणता येत नाही.) दुसऱ्यांदा तुमसर मागितलं, पवनी मिळालं. तिसऱ्यांदा मी संतापाने पहिलं नाव, जिथे कुणी जायला तयार नसतं ते आंबागड लिहिलं, भंडारा दुसऱ्या नंबरवर टाकलं, आणि पंधरा दिवसांत भंडाऱ्याची ऑर्डर हातात पडली.

तेव्हा मला ज्ञान झालं. वर बसलेला माणूस यादीतलं पहिलं नाव वाचतो. त्याला वाटतं, इथे याची काहीतरी सोय असणार. मग तो त्या नावावर काट मारतो आणि दुसरं नाव देऊन टाकतो. म्हणजे जे हवं ते दुसऱ्या नंबरवर ठेवायचं आणि पहिल्या नंबरवर असं काहीतरी ठेवायचं की ज्यावर काट मारल्याचं त्याला समाधान मिळेल. हा शोध मी कुणाला सांगितला नव्हता. असे शोध सांगायचे नसतात, नाहीतर सगळेच आंबागड मागतील.

आता आमच्या तृप्तीबद्दल. तृप्ती माझी मुलगी, बारावी झालेली. नववीत असताना तिने आमच्या कूलरचा पंप उघडून चालू केला होता, तेही मी पंप मेल्याचं जाहीर करून नवा आणायला निघालो असताना. तेव्हापासून गल्लीतले मिक्सर, पंखे, इस्त्र्या आमच्या ओट्यावर येऊन बसतात. तिला इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंग करायचं होतं, आणि तेही नागपूरच्या एका ठरावीक कॉलेजात. सीईटीचं सेंटर तिथेच आलं होतं. तिथल्या लॅबच्या खिडकीतून तिने एक भलीमोठी मोटर पाहिली आणि ती पाहत राहिल्यामुळे परीक्षेला पोहोचायला तिला अगदी शेवटचं मिनिट झालं. तरी ब्याण्णव पर्सेंटाइल आले. (त्या वयात मी मोटर न पाहताही नापास होत असे.) मागच्या वर्षी त्या कॉलेजची इलेक्ट्रिकलची यादी एक्क्याण्णववर थांबली होती. म्हणजे जागा मिळण्यासारखी होती, आणि नाही मिळाली तर काय, हे तिने अठरा कॉलेजांची यादी करून ठरवून ठेवलं होतं. वहीत, ओळीने, लाल पेनाने.

ही यादी तिने ऑनलाइन भरली, सेव्ह केली आणि आजीकडे दिघोरीला गेली. धानाची रोवणी चालू होती, आजीला माणूस हवा होता. फॉर्म कन्फर्म करायची शेवटची तारीख आली त्या दिवशी दिघोरीत नेटचा पत्ता नव्हता. आणि ओटीपी येणार माझ्या मोबाइलवर. घरातले सगळे ओटीपी माझ्याकडे येतात; तेवढंच माझं घरात वजन.

धानाच्या बांधीच्या धुऱ्यावर, चिखलातल्या बांधावर उभी राहून तिने मला फोन केला. आवाज तुटत होता, पण सूचना स्पष्ट होती.

"बाबा, भोजराजदादाच्या कॅफेत जा. फक्त कन्फर्म दाबा. बाकी कायलेच हात लावू नोका."

मी हो म्हणालो. खरंच हो म्हणालो.

भोजराज हा आमच्या चौकातला कॅफेवाला. सातबाऱ्यापासून सीईटीपर्यंत जिल्ह्याचं भवितव्य त्याच्या एका माऊसवर चालतं. त्याने तृप्तीचा फॉर्म उघडला. पहिल्याच ओळीत ठळक अक्षरांत नागपूर, इलेक्ट्रिकल. एवढी हुशार पोरगी, आणि सरकारला सरळ खरं सांगते आहे. सत्तावीस वर्षांचा अनुभव घरात असताना पोरीचं नुकसान उघड्या डोळ्यांनी पाहायचं, एवढा दगड मी नाही.

आता आमिषाचं कॉलेज शोधायचं होतं. ते विचारपूर्वक शोधावं लागतं. फार लांबचं टाकलं तर वरच्याला संशय येत नाही, उलट तो कौतुकाने देऊन टाकायचा. जवळचं पाहिजे. बापाची सोय दिसली पाहिजे. आमच्या घरापासून वीस मिनिटांवर, धानाच्या बांध्यांमध्ये एक कॉलेज आहे. कोणतं ते विचारू नका. तिथे इमारत आहे, गेट आहे, गेटवर चौकीदार आहे, आणि मुलं असावीत असा अंदाज आहे. मी भोजराजला म्हणालो, हे सगळ्यांत वर टाक.

भोजराजने माऊस सोडला. "काका, पहिलं नाव भेटलं तर सीट ऑटो फ्रीज होते. मंग ते घ्याच लागते. नाही घेतलं तर पुढच्या राउंडमधून बाहेर."

मी हसलो. पहिलं नाव आजवर कुणाला मिळालंय का, असं त्याला विचारलं. तो काहीतरी सांगू लागला होता, पण मागे उत्पन्नाच्या दाखल्याची रांग होती आणि माझ्या चेहऱ्यावर अनुभव होता. त्याने नाव वर टाकलं, ओटीपी आला, मी तो खणखणीत आवाजात वाचून दाखवला. घरी येताना मला इतका आनंद झाला होता की मी रीनासाठी जिलबी घेतली. तिने कारण विचारलं. वेळ आल्यावर कळेल, असं मी म्हणालो. (कळलं.)

निकालाचा मेसेज आला तेव्हा मी ऑफिसात होतो. अभिनंदन, तुम्हाला पसंतीक्रम क्रमांक एकची जागा मिळाली आहे. मी तो चार वेळा वाचला. मग वाटलं, चुकून दुसऱ्याचा आला असेल. पण वर तृप्तीचं नाव होतं आणि खाली बांधीतल्या कॉलेजचं. मी अर्ध्या दिवसाची रजा टाकून भोजराजकडे धावलो आणि हे असं कसं झालं म्हणून त्याच्यावर चढलो.

"काका," भोजराज शांतपणे म्हणाला, "कम्प्युटरले थोडी मालूम राहते, तुमच्या मनात काय हाय? जे मांगलं ते देल्लं."

सत्तावीस वर्षांच्या नोकरीत मागितलं ते मिळाल्याची ही माझी पहिलीच वेळ.

तृप्ती दुसऱ्या दिवशी दिघोरीहून आली. पायाला चिखल वाळलेला, चेहऱ्यावर आनंद, कारण तिला वाटत होतं मी फोनवर निकाल सांगितला नाही तो गंमत म्हणून. मी तिला सगळं सांगितलं. बदल्या सांगितल्या, आंबागड सांगितलं, वर बसलेल्या माणसाचं मानसशास्त्र सांगितलं. तिने एकदाही मधे तोडलं नाही. शेवटी एवढंच म्हणाली, "तिथं कोणी साहेब बसला नोहता, बाबा." आणि लाल पेनाची ती वही तिने कपाटात ठेवून दिली. ओरडली असती तर बरं झालं असतं. मला इतकी लाज वाटली की त्या दिवशी मी तिच्या नजरेला नजर देऊ शकलो नाही. रीना मात्र बोलली. काय बोलली ते लिहीत नाही. ती दिघोरीचं नाव घेऊन जे बोलली त्यात माझ्या पहिल्या बदलीचाही पश्चात्ताप होता.

घरात असं वातावरण असताना संध्याकाळी दारात एक गाडी थांबली. बांधीतल्या कॉलेजचे प्राचार्य, दोन प्राध्यापक, एक फोटोवाला. हातात बुके, शाल, नारळ. आमच्या संस्थेला पहिली पसंती देणाऱ्या पालकांचा सत्कार करायला आलो, म्हणाले. तृप्ती आतल्या खोलीतून बाहेर आली नाही, त्यामुळे शाल मला घातली. फोटो मला घेऊन काढले. मी त्या फोटोत हसलो आहे. (का हसलो, याचा खुलासा माझ्याकडे आजही नाही. कॅमेरा दिसला की मी हसतो.)

दोन दिवसांनी नाक्यावर फ्लेक्स लागला. 'जाणत्या पालकांची पहिली पसंती'. खाली शालीतला मी, सात फूट उंच. ऑफिसात जाताना मला स्वतःच्या नजरेसमोरून जावं लागायचं. सहकारी पाठ थोपटायचे. पोरीला घराजवळ ठेवलं, शहाणा बाप आहेस, म्हणायचे. रीनाने त्या रस्त्याने भाजीला जाणं सोडलं.

शेवटी मी जे मला येतं ते केलं. अर्ज लिहिला. 'विषय: पसंतीक्रमातील नजरचूक दुरुस्त करून विद्यार्थिनीस नागपूर येथे वर्ग करणेबाबत.' आणि तृप्तीला गाडीवर मागे बसवून थेट बांधीतल्या कॉलेजात गेलो. ती यायला तयार नव्हती, पण विद्यार्थिनी समक्ष असली की अर्जाला वजन येतं, असं मी तिला पटवलं. खरं तर मला एकट्याला जायची हिंमत नव्हती.

प्राचार्यांनी अर्ज शेवटपर्यंत वाचला. चष्मा काढला. दुसऱ्या कॉलेजात वर्ग करणं हे त्यांच्या हातात नाही, ते सगळं मुंबईहून चालतं, असं त्यांनी समजावून सांगितलं. मग मी सगळंच कबूल केलं. हे नाव मी मिळू नये म्हणून टाकलं होतं, हेही सांगून टाकलं. मला वाटलं, माणूस दुखावेल. पण त्यांनी चहा मागवला.

"गजभिये साहेब, तुमी मनाले लावून घेऊ नोका जी," ते म्हणाले. "इलेक्ट्रिकलले यंदा पहिल्या राउंडमध्ये आमाले चार पोरं भेटली. चारही जणांचे बाप तुमच्याच खात्यातले हायेत."

त्यांनी रजिस्टर पुढे सरकवलं. एक आमचा आवक-जावकवाला, एक आस्थापनेचा, एक लेखा शाखेचा, ज्याने कालच माझी पाठ थोपटली होती. चौथा मी. प्राचार्य म्हणाले की दर वर्षी असंच होतं. ते जाहिरातीवर खर्च करतच नाहीत, दिवाळीला आमच्या ऑफिसात कॅलेंडर पाठवतात तेवढं पुरतं. फ्लेक्सवरचा मजकूरही कायमचा आहे, फक्त फोटो बदलतो.

म्हणजे सत्तावीस वर्षं उराशी जपलेला माझा गुप्त शोध साऱ्या ऑफिसला माहीत होता, आणि सगळेच तो एकमेकांपासून लपवत होते. माझ्या शेजारून एक आवाज आला. तृप्ती हसत होती. पाच दिवसांनी ती पहिल्यांदा हसली, इतकी की तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मी फार अपमानित झालो आणि मला फार बरं वाटलं.

तिने ती जागा घेतली नाही. म्हणजे पुढच्या फेऱ्यांतून ती बाहेर. आता एकच वाट उरली होती: सगळ्या फेऱ्या संपल्यावर नागपूरच्या त्या कॉलेजात इलेक्ट्रिकलची एखादी जागा रिकामी राहिली तर तिथे जाऊन अर्ज करायचा. राहील की नाही, हे कुणी सांगू शकत नव्हतं. नाही राहिली तर वर्ष वाया. दीड महिना ती ओट्यावर गल्लीतले मिक्सर दुरुस्त करत बसली. मी रोज त्या कॉलेजची वेबसाइट उघडायचो, पण फक्त बघायचो. कुठलंही बटण दाबायला घरातून बंदी होती, आणि रीनाने ओटीपीचा नंबरही बदलून स्वतःचा लावला होता.

सप्टेंबरात नोटीस लागली. इलेक्ट्रिकल, रिक्त जागा दोन. आम्ही पहिल्या एसटीने नागपूर गाठलं. तिथे एक्केचाळीस मुलं आली होती. गुणवत्ता यादी दुपारी भिंतीवर चिकटवली तेव्हा मी लांबच उभा राहिलो. माझ्या बघण्यानेसुद्धा काही बिघडेल अशी मला भीती वाटत होती. तृप्ती गर्दीत शिरली, बाहेर आली आणि मला दोन बोटं दाखवली. दुसरा नंबर. मी भर आवारात रडलो, आणि रुमाल घरी राहिल्याने तिच्या ओढणीला डोळे पुसले.

मग प्रवेशाचा फॉर्म. तिने तो काउंटरवरच भरला, सुवाच्य अक्षरांत, एकही खाडाखोड नाही. शेवटच्या पानावर पालकाची सही हवी होती. तिने फॉर्म माझ्यापुढे सरकवला आणि पेन दिलं. मी सवयीने खिशातून चष्मा काढून डोळ्यांवर चढवला आणि वरून वाचायला सुरुवात करणार, तेवढ्यात तिने वरच्या सगळ्या मजकुरावर आपला तळहात ठेवला.

"वाचू नोका, बाबा. फक्त सही करा."

सत्तावीस वर्षं मी रोज साहेबांसमोर फाईल अशीच धरत आलो आहे. वरच्या मजकुरावर तळहात, खाली बोट, आणि तोंडात हेच वाक्य. प्रमोशनची यादी दर वर्षी लागते आणि तिच्यात माझं नाव नसतं. पण त्या दिवशी नागपूरच्या त्या काउंटरवर मी अखेर साहेब झालो. आणि साहेब जे करतात तेच मी केलं. मुकाट्याने सही केली आणि इथे चहा कुठे मिळतो ते विचारलं.