पुणतांबेकर गुरुजींच्या फोनची शुद्धी

काशीतल्या दुर्गाघाटावर दिनानाथ पुणतांबेकर गेली सदतीस वर्षे श्राद्ध, तर्पण आणि तीर्थविधी सांगत आले आहेत. त्यांच्या आधी त्यांचे वडील त्याच पायरीवर, त्याच वेताच्या छत्रीखाली बसत. छत्री तेवढी तीन वेळा बदलली. एवढ्या काळात एकही पितर असमाधानी राहिल्याची तक्रार आलेली नाही. निदान लेखी तरी नाही.

यंदा मे महिन्यात 'घाट विधी सुव्यवस्था कक्ष' या नव्याने निघालेल्या कार्यालयाने घाटाच्या भिंतीवर एक सूचना चिकटवली. प्रत्येक पुरोहिताने 'घाटसेवा' नावाच्या ॲपवर तीस तारखेपर्यंत नोंदणी करावी. एकतीस तारखेपासून नोंदणी नसलेल्या व्यक्तीस घाटावर छत्री लावता येणार नाही.

बाकीचे पुरोहित चिडले. पुणतांबेकर गुरुजी चिडले नाहीत. ते नियमांचे भोक्ते होते. दोन माणसे समोरासमोर आली की एकाला भिंतीला चिकटावे लागते अशा दुर्गाघाटच्या गल्लीतही ते डाव्या बाजूनेच चालत. त्यांनी त्याच दिवशी संध्याकाळी हातपाय धुऊन फोन हातात घेतला, ॲप उतरवून घेतले, नाव लिहिले, मोबाइल नंबर लिहिला, आलेला सहा आकडी ओटीपी भरला. पडद्यावर एक चाक फिरू लागले. मग चाक थांबले आणि लाल अक्षरांत मजकूर उमटला: 'आपल्या उपकरणाच्या मूळ प्रणालीत अनधिकृत बदल आढळले आहेत. सुरक्षेच्या कारणास्तव प्रवेश नाकारण्यात येत आहे.'

'अनधिकृत' हा शब्द गुरुजींच्या जिव्हारी लागला. त्यांनी मुलीला हाक मारली. ऋता बंगळुरूच्या एका कंपनीचे काम घरच्याच वरच्या खोलीत बसून करीत असे. ती खाली आली, मजकूर वाचला आणि हसली.

“बाबा, ते मी केलंय. तीन साल झाले. कंपनीनं अपडेट देणं बंद केलं होतं, फोन सारखा हँग व्हायचा. मग मी त्याचं आतलं लॉक खोललं आणि दुसरं सॉफ्टवेअर टाकलं. कस्टम रॉम म्हणतात. तेव्हापासून कसा मक्खन चालतोय!”

“मला न विचारता?”

“विचारलं होतं. तुम्ही म्हणालात, काय करायचं ते कर, माझी संध्या चाललीय.”

“मी तिथंच होते,” आतून ऋताची आई नंदाताई म्हणाल्या.

गुरुजी गंभीर झाले. तीन वर्षे या फोनवर पंचांग बघून आपण लोकांना लग्नाचे मुहूर्त दिले, असे ते म्हणाले. त्यांतले एकही लग्न मोडलेले नाही, असे नंदाताईंनी सांगितले. गुरुजींचे त्याने समाधान झाले नाही. “याला मूळ स्थितीत आण,” ते म्हणाले.

“सगळं पुसलं जाईल हं.”

फोनमध्ये सहाशे बारा यजमानांची नावे होती. गोत्रे, तीन पिढ्या आणि तिथ्यांसकट. ऋताने ती सगळी लॅपटॉपवर उतरवून घेतली. गुरुजींचा लॅपटॉपवर विश्वास नव्हता. ते दोन दिवस बसून सहाशे बाराच्या सहाशे बारा घराणी एका जाड वहीत स्वतःच्या अक्षरात लिहीत राहिले. मधूनच थांबून म्हणत, “परभणीच्या शरदरावांचे वडील गेले का गं? अरेरे.”

रविवारी जेवणे झाल्यावर शुद्धीला सुरुवात झाली. कंपनीच्या संकेतस्थळावर गुरुजींच्या फोनचे मूळ सॉफ्टवेअर होते, पण त्या फोनचेच चार प्रकार निघाले. नाव एकच, शेवटचे अक्षर तेवढे वेगळे.

“चुकीचं टाकलं तर फोनची वीट होईल, कायमचा बंद,” ऋता म्हणाली.

“म्हणजे गोत्र एक पण प्रवर वेगळे,” गुरुजी म्हणाले. या शास्त्राबद्दल त्यांना प्रथमच आदर वाटला. त्यांनी माळ्यावरून फोनचा रिकामा खोका काढला, भिंग लावून त्यावरचे बारीक अक्षर वाचले आणि ऋताकडून तीन वेळा वदवून घेतले.

मग फोन बंद केला. आवाज कमी करायचे आणि चालू करायचे बटण एकदम दाबून धरून केबल जोडली. लॅपटॉपवर एक हिरवी पट्टी पुढे सरकू लागली. त्रेसष्ट टक्क्यांवर ती थांबली. गुरुजींनी केबलला हात लावू नये म्हणून ऋताने त्यांचा हात धरून ठेवला. आठ मिनिटांनी पट्टी पुन्हा हलली, शंभरावर पोचली. ऋताने आतले लॉक पुन्हा लावले, आणि फोन उजळला. कंपनीचे चिन्ह आले, मागोमाग सहा वर्षांपूर्वीचे लाल फुग्याचे चित्र आले, आणि कंपनीने प्रेमाने दिलेली अकरा ॲप आली, त्यांत रत्ने फोडायचा एक खेळ होता.

“हाच तो,” गुरुजी गहिवरून म्हणाले. “आता कसा सात्त्विक दिसतोय!”

ते 'घाटसेवा' पुन्हा उतरवून घ्यायला गेले. पडद्यावर आले: 'हे ॲप आपल्या जुन्या प्रणालीवर चालत नाही. कृपया प्रणाली अद्ययावत करा.' ऋताने फोनच्या सेटिंगमध्ये जाऊन अद्ययावत करण्याचे बटण दाबले. फोनने थोडा विचार करून उत्तर दिले: 'अभिनंदन! आपली प्रणाली अद्ययावत आहे.'

सोमवारी गुरुजी कक्षाच्या कार्यालयात गेले. मदत-खिडकीवर कुशल वानखडे नावाचे तरुण लिपिक होते. ते मूळचे यवतमाळचे. परीक्षा देऊन नोकरीला लागले आणि काशीला आले. खिडकीवर मराठी माणूस आलेला पाहून त्यांना इतका आनंद झाला की त्यांनी गुरुजींना आत बोलावून खुर्ची दिली, चहा मागवला आणि नियम समजावून सांगितला.

“गुरुजी, फोन मूळ स्थितीत पाहिजे आणि नवाही पाहिजे.”

“मूळ आहे तर जुना आहे. नवा केला होता तेव्हा मूळ राहिला नव्हता.”

“बरोबर. म्हणजे दोन्ही अटी तुम्ही पूर्ण केल्या आहेत. फक्त एकाच वेळी करायच्या राहिल्या.”

“साहेब, माझी ओळखच पटवायची असेल तर घाटावर चला. कुणालाही विचारा.”

“तुमच्याबद्दल शंका नाहीच हो!” वानखडे कळवळून म्हणाले. “अर्जात पुरोहिताबद्दल एक रकाना आहे. फोनबद्दल चौदा आहेत.”

मग त्यांनीच मार्ग सुचवला: घरात दुसऱ्या कुणाचा नवा फोन असेल तर त्यावरून नोंदणी करा. नंदाताईंना त्यांच्या भावाने दिवाळीत नवा फोन दिला होता. त्यात कोणी काही बदलले नव्हते. नंदाताईंनी त्यावरचा प्लॅस्टिकचा कागदही काढला नव्हता. गुरुजींनी त्यावर ॲप उतरवले, आपले नाव आणि नंबर घातला. उत्तर आले: 'हे नाव अन्य उपकरणाशी जोडलेले आहे. कृपया त्या उपकरणावरून बाहेर पडावे.'

गुरुजी पुन्हा कार्यालयात.

“बाहेर पडायचं बटण ॲपच्या आत असतं,” वानखडे म्हणाले.

“पण मला आत घेतलंच नव्हतं.”

“म्हणून तर बाहेर पडल्याची नोंद नाही.” वानखडेंनी वरिष्ठांना फोन लावला, उभे राहून ऐकले आणि बसून सांगितले, “ज्या फोनवरून पहिल्यांदा नोंद झाली तोच फोन लागेल, आणि त्याच स्थितीत.”

ऋताने लॉक पुन्हा खोलले आणि दुसरे सॉफ्टवेअर पुन्हा टाकले. ॲपने फोन लगेच ओळखला, आणि ओळखूनच दारात अडवला. गुरुजींना बदललेला फोन घरात ठेववेना, म्हणून ऋताने पुन्हा मूळ सॉफ्टवेअर टाकले. एका आठवड्यात दोन शुद्ध्या झाल्या. फोन तापू लागला होता. ऋताही.

“बाबा, आता परत बोललात ना, तर मी सच में याची वीट करीन,” ती म्हणाली.

एकोणतीस तारखेला गुरुजी छत्री घरी घेऊन आले, दांडा पुसला, फाटलेल्या कडेला दोन टाके घातले. नंदाताईंनी ते पाहिले आणि जेवताना मुद्दाम दुसऱ्याच गोष्टी काढल्या.

एकतीस तारखेला सकाळी वानखडे यादी घेऊन घाटावर आले. दुर्गाघाटावर पुरोहित एकोणीस. एकाच्या फोनचा कॅमेरा फुटलेला होता, म्हणून नापास. एकाचे नाव पदव्यांसकट रकान्यात मावले नव्हते. उरलेल्यांचे फोन एक तर जुने होते, नाही तर कुणा भाच्याने सुधारलेले होते. यादीत एकच नाव होते, हिरव्या अक्षरांत: 'अधिकृत पुरोहित, दुर्गाघाट, क्रमांक एक: श्री. बाळ घुले'.

बाळ घुलेंचे गल्लीच्या तोंडाशी मोबाइलचे दुकान होते. चार्जर, कव्हर, रिचार्ज. गिऱ्हाइकांना ॲप समजावून सांगता यावे म्हणून त्यांनी ते आपल्या नव्या कोऱ्या फोनवर उघडून बघितले होते आणि बटणे दाबत गेले होते. सहा मिनिटांत ते पुरोहित झाले. अध्ययनाचा रकाना ऐच्छिक होता, तो त्यांनी सोडून दिला. विधींचा अनुभव विचारला तिथे प्रामाणिकपणे 'स्वतःची मुंज' असे लिहिले होते.

नेमके त्याच वेळी परभणीचे शरदराव वडिलांचे तीर्थश्राद्ध करायला बायकोसह घाटाच्या पायऱ्या उतरून आले. गुरुजी छत्रीशिवाय, उन्हात, दर्भ आणि वही घेऊन उभे होते. खाली पिंडांचा भात, तीळ, सगळे मांडून झाले होते.

“गुरुजी, उन्हात का?” शरदरावांनी विचारले.

गुरुजींनी वानखडेंकडे बोट केले. वानखडे खजील झाले. माणूस वाईट नव्हता. त्यांनी नियमावली काढून पायरीवर बसून शेवटपर्यंत वाचली आणि त्यांचा चेहरा खुलला. विधी अधिकृत पुरोहिताच्या छत्रीखाली व्हावा, असे नियमात होते. मंत्र कोणी म्हणावे, याबद्दल नियमात काहीच नव्हते.

“घुल्यांना बोलवा!” ते ओरडले.

बाळ घुले दुकान अर्धे उघडे टाकून धावत आले. त्यांना जीन्सवर उपरणे देण्यात आले. घरून गुरुजींची छत्री आणवली, ती उघडून तिच्याखाली त्यांना बसवले आणि हातात फोन धरायला सांगितले. वानखडेंनी गुरुजींची नोंद 'ध्वनी-साहाय्यक' म्हणून केली, कारण त्या पदासाठी फोन लागत नव्हता.

“मला काय करायचं?” बाळ घुलेंनी घाबरून विचारले.

“हलू नका,” गुरुजी म्हणाले.

मग त्यांनी वही उघडली. शरदरावांच्या वडिलांचे नाव, आजोबांचे, पणजोबांचे. संकल्प सुरू झाला तशी गुरुजींना छत्रीची, ॲपची, सगळ्याचीच शुद्ध राहिली नाही. त्यांचा आवाज पाण्यावरून गेला आणि शेजारच्या घाटावरचे लोक वळून पाहू लागले. पणजोबांचे नाव ऐकताच शरदराव रडू लागले. ते त्यांना स्वतःलाच आठवत नव्हते. बाळ घुले शेवटपर्यंत हलले नाहीत. विधी संपल्यावर शरदरावांनी गुरुजींना साष्टांग नमस्कार घातला. मग फोनवर मागणी आली म्हणून बाळ घुलेंना पाच तारे दिले.

त्या दिवसापासून दुर्गाघाटाचा कारभार सुरळीत चालला. एकोणीस छत्र्या आणि एक पुरोहित. बाळ घुले फोन घेऊन या छत्रीखालून त्या छत्रीखाली पळत. महिन्याच्या अहवालात कक्षाने शंभर टक्के अनुपालन दाखवले. घुल्यांना 'स्वच्छ उच्चार' या सदरात विशेष प्रशस्ती मिळाली.

वानखडे मात्र स्वस्थ बसले नाहीत. त्यांनी वरती सतरा पत्रे लिहिली. सप्टेंबरात, ऐन पितृपक्षाच्या तोंडावर, गुरुजींचे नाव जुन्या फोनवरून सुटले आणि नंदाताईंच्या फोनला लागले. 'अधिकृत पुरोहित, क्रमांक दोन.' ऋताने पेढे आणले. गुरुजी दुसऱ्या दिवशी पहाटेच आपल्या पायरीवर, आपल्या छत्रीखाली जाऊन बसले आणि पहिल्या यजमानाची वाट पाहू लागले.

पहिले यजमान पुण्याचे होते, सुशिक्षित, वाचनाची आवड असलेले. गुरुजींनी त्यांचे आडनाव ऐकताच वही न उघडता त्यांचे गोत्र सांगितले. यजमानांनी मान डोलावली आणि खिशातून फोन काढून बघितला.

“तुम्हाला अजून एकही तारा दिसत नाही,” ते नम्रपणे म्हणाले. “इथं ते चार पूर्णांक नऊवाले घुले गुरुजी असतात ना, ते मिळतील का?”

गुरुजी हसले, उठले आणि बाळ घुलेंना हाक मारायला गल्लीत गेले, डाव्या बाजूने.

आपण काशीला येणार असाल, तर पुणतांबेकर गुरुजी कुठे बसतात ते दुर्गाघाटावर कुणीही सांगेल. पण आपण कुणाला विचारणार नाही. आपण फोन काढून बघाल. म्हणून आधीच कळवून ठेवतो: घुले गुरुजींच्या पुढच्या तीन आठवड्यांच्या वेळा भरलेल्या आहेत.